‘फक्त ५०० प्रती’ असं लिहिलेली जुनी रेकॉर्ड घेताना

देवगडला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: एका अमेरिकन इंडी रॉक बँडचा अल्बम त्यांना रंगीत विनाइलवर, म्हणजे रंगीत प्लास्टिकच्या तबकडीवर हवा आहे. त्या रंगात ५००च प्रती निघाल्या होत्या. पुण्यातला एक विक्रेता आपली प्रत ‘व्हीजी प्लस’ दर्जाची आहे असं सांगून १४,००० रुपये मागतो आहे. परदेशातली सीलबंद प्रत टपाल आणि कस्टम धरून २१,०००ला पडेल. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर विकल्या गेलेल्या प्रतींची मधली किंमत १३,०००च्या आसपास दिसते. घरी सुटकेसच्या आकाराचा छोटा प्लेअर आहे. १४,००० हा भाव बरोबर आहे का, आणि पुढे किंमत वाढेल का?

अल्बमचं नाव त्यांनी कळवलं आहे, पण ते इथे लिहीत नाही. सौदा अजून व्हायचा आहे, उगाच आणखी चार जण त्या विक्रेत्याकडे जायला नकोत.

मी रत्नागिरीत असतो. अठरा वर्षं व्यापारी बोटींवर इंजिनीअर होतो आणि बोट ज्या बंदराला लागेल तिथलं जुन्या रेकॉर्डचं दुकान शोधून काढायचो. आता घरीच रेकॉर्डची खरेदी-विक्री करतो, प्लेअर दुरुस्त करतो. जे लिहितो आहे ते हाताखालून गेलेल्या रेकॉर्डवरून.

ताई, भावाचा प्रश्न नंतर घेऊ. त्याच्या आधी एक प्रश्न आहे आणि तो तुमच्या पत्रात नाही. तुम्ही अल्बमबद्दल सगळं लिहिलंत: किती प्रती निघाल्या, कोणता रंग, कोणतं लेबल म्हणजे कोणती रेकॉर्ड कंपनी. पुण्यातल्या त्या एका प्रतीबद्दल मात्र ‘व्हीजी प्लस’ या दोन शब्दांपलीकडे काही नाही. आणि पैसे तुम्ही त्या प्रतीचे देणार आहात. देवगडात तुम्हाला वेगळं सांगायला नको. पेटीवर ‘देवगड हापूस’ छापलेलं असलं तरी आपण पेंढा बाजूला करतो, देठ बघतो, वास घेतो, कारण तोच छाप मारून बाहेरचा आंबाही विकला जातो. ‘५०० प्रती’ हा पेटीवरचा छाप आहे. आत काय आहे ते अजून कोणी उघडून पाहिलेलं नाही.

त्या ५००च्या आकड्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्याचा दाब मनावर येतो. छोटी लेबलं कमी प्रती काढतात त्यामागे बहुतेक वेळा पैशाचंच गणित असतं. हजार प्रती काढून सातशे पडून राहिल्या तर लेबल बुडतं. काही वेळा मर्यादा मुद्दाम घातलेली असते. सब पॉप या सिअ‍ॅटलच्या लेबलने १९८८च्या नोव्हेंबरमध्ये ‘निर्वाणा’ या बँडची पहिली सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली, ती हाताने क्रमांक घातलेल्या १,००० प्रतींची. आज तिला प्रचंड किंमत आहे, कारण तो बँड पुढे जगभर गेला. त्याच काळात पाचशे-हजार प्रती काढलेले कितीतरी बँड होते, त्यांच्या रेकॉर्ड आजही परदेशी दुकानांत अगदी स्वस्तात निघतात. प्रती किती निघाल्या याइतकंच आज त्या किती जणांना हव्यात हेही पाहावं लागतं.

शिवाय आजकाल एकच अल्बम ५०० लाल, ५०० निळा, ३०० फक्त दौऱ्यावर विकायला आणि बाकी हजारो काळ्या, असा निघतो. तुमच्या अल्बमचंही तसंच आहे, मी पाहिलं. दुर्मीळ आहे तो रंग. संगीत तेच्या तेच काळ्या प्रतीवर तीन-साडेतीन हजारांत नवं मिळतं. तुम्हाला मुख्यतः ऐकायचं असेल तर ती घ्या आणि निश्चिंत व्हा. पण ती विशिष्ट वस्तूच हवी असेल तर त्यात गैर काही नाही. मीही अशा वस्तूंसाठी पैसे खर्च केले आहेत आणि त्या कपाटात दिसल्या की आजही आनंद होतो. तशी इच्छा असेल तर पुढचं नीट वाचा.

‘व्हीजी प्लस’चा अर्थ विक्रेता कोण आहे त्यावर बदलतो. जगभर चालते ती प्रतवारी अशी: मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी म्हणजे ‘व्हेरी गुड’, मग गुड आणि त्याखालच्या. इंग्रजी अर्थावर जाऊ नका. ‘गुड’ म्हणजे गाण्याबरोबर सतत खरखर, आणि ‘व्हेरी गुड’मध्येही शांत जागी आवाज येतोच. व्हीजी प्लस म्हणजे नीट वापरलेली, हलक्या रेघा असलेली पण ऐकताना त्रास न देणारी. ढोबळ नियमाने व्हीजी प्लसची किंमत निअर मिंटच्या निम्मी आणि व्हीजीची पाव धरतात. म्हणजे दोन शब्दांच्या फरकात अर्धे पैसे जातात. आणि आपल्याकडे बरेच विक्रेते न वाजवता, नुसतं खिडकीपाशी धरून दर्जा ठरवतात. काही काटेकोर माणसं मात्र निअर मिंट रेकॉर्डलाही व्हीजी प्लसच म्हणतात, कारण नंतर तक्रार नको असते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: ‘वाजवून दर्जा ठरवला आहे की पाहून?’

मग फोटो मागा. चार कोनांतून काढलेले झगमगीत फोटो काही उपयोगाचे नसतात. खोलीत अंधार करून एकच दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरायचा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा. ट्यूबलाइटखाली लपलेल्या रेघा तिरक्या उजेडात उठून दिसतात. पाकिटातून आत-बाहेर केल्याने पडलेल्या केसासारख्या रेघा बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागते ती रेघ मात्र वाजणारच. किती वाजेल त्याचा हिशोब आहे. एलपी, म्हणजे मोठी तबकडी, मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. वीस मिनिटांच्या बाजूत साधारण ६६६ फेरे, आणि ते सगळे साडेआठ सेंटीमीटरच्या पट्ट्यात बसलेले. तेव्हा काठाकडून मध्याकडे गेलेली जेमतेम एक सेंटीमीटरची खोल रेघ जवळजवळ ऐंशी फेऱ्यांना आडवी जाते. सव्वादोन मिनिटं दर १.८ सेकंदाला ‘टक्’. ती तुमच्या आवडत्या गाण्यात आली तर ते गाणं गेलंच. फोटोत रेघ दिसली तर ती कोणत्या गाण्यावर आहे ते मोजून विचारा. खरा विक्रेता रागावत नाही.

फोटोत न दिसणारे दोषही असतात, आणि रंगीत विनाइलच्या बाबतीत ते जास्त महत्त्वाचे. तबकडीचं पीव्हीसी मुळात रंगहीन असतं, काळा रंग कार्बनमुळे येतो. रंगीत म्हणजे वाईट, हा समज मी मानत नाही. एकरंगी तबकड्या उत्तम वाजताना ऐकल्या आहेत. शिंतोडे उडवलेल्या, अंधारात चमकणाऱ्या आणि चित्र छापलेल्या तबकड्यांपासून मात्र मी जपून असतो, त्यांत पार्श्वभूमीचा आवाज जास्त असतो. दाबताना प्लास्टिक चरात पूर्ण भरलं नाही तर कापड फाटल्यासारखा आवाज येतो, बहुधा एकाच कानात. मधलं भोक जरासं बाजूला पडलं असेल तर लांबवलेले सूर हेलकावे खातात. हे दोष नव्याकोऱ्या तबकडीतही असतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या पहिल्या आणि शेवटच्या गाण्याचा आवाज, आणि अल्बममधली सगळ्यात शांत जागा, असा व्हिडिओ मागून घ्या. तबकडी फिरत असताना बाजूने काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही हवा. सुईचा दांडा खाली-वर होत असेल तर तबकडी वाकली आहे.

इथेच सीलबंद प्रतीचाही निकाल लागतो. सील म्हणजे कोणीही न तपासलेली वस्तू. आत वाकलेली असू शकते, कारण घट्ट प्लास्टिक वर्षानुवर्षं ओढ देत राहतं. दोष असलेली असू शकते. पुन्हा सील केलेलीही असू शकते. तुम्ही ती वाजवणार असाल तर वरचे सात हजार त्या पातळ प्लास्टिकचे होतात, आणि ते तुम्ही पहिल्याच दिवशी फाडणार. मी ही प्रत घेतली नसती.

आता ती खरोखर त्याच छपाईची, म्हणजे तबकड्यांच्या त्याच खेपेची आहे का ते. पूर्ण बनावट रेकॉर्ड असतात, पण जास्त वेळा फसवणूक होते ती नंतरची छपाई पहिली म्हणून विकण्यात, आणि कितीदा तरी विक्रेत्यालाही ते माहीत नसतं. यासाठी शेवटच्या गाण्यानंतर मधल्या कागदी लेबलच्या आधी जी गुळगुळीत पट्टी असते तिथे बघायचं. तिला रनआउट म्हणतात. तिथे कोरलेले आकडे-अक्षरं म्हणजे त्या छपाईची जन्मखूण. मूळ तबकडीत चर कापणारे काही कारागीर तिथे हाताने आपली सहीही करत. इंग्लंडमधल्या जॉर्ज पेकहॅमने कापलेल्या रेकॉर्डवर ‘पोर्की’ हे नाव कोरलेलं दिसतं. बंदरावरच्या अंधाऱ्या दुकानात तबकडी तिरकी करून ते शोधायची मला सवयच लागली होती. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंच्या रनआउटचा स्पष्ट फोटो घ्या आणि डिस्कॉग्जवर त्याच रंगाच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडा. कोरलेलं आणि ठशाने उठवलेलं यातला फरकही पाहा.

मी स्वतः यात एकदा फसलो आहे. २००६ साली अमेरिकेतल्या एका बंदरात क्रमांक घातलेली सात इंची सिंगल दीडशे डॉलरला घेतली. बोटीवर येऊन भिंगाखाली धरली तर क्रमांक पेनाने लिहिलेला नव्हता, छापलेला होता. कव्हरवरच्या बारीक अक्षरांच्या कडांना ठिपके होते, म्हणजे मूळ कव्हर स्कॅन करून पुन्हा छापलेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे बोट सुटली. तेव्हापासून खिशात भिंग असतं आणि पैसे द्यायच्या आधी अक्षरांच्या कडा बघतो.

कव्हराकडे दुर्लक्ष करू नका. मर्यादित आवृत्तीची निम्मी किंमत कागदात असते: कव्हर, आतलं छापील पाकीट, पोस्टर, गाण्यांच्या ओळींचा कागद, बाहेरचा स्टिकर. यातलं काय काय आहे ते एकेक विचारा. हे मला चिपळूणने शिकवलं. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर ओळखीच्या एका गृहस्थांनी चिखलाने भरलेल्या साठ-सत्तर रेकॉर्ड माझ्याकडे आणल्या. महिनाभर धूत होतो. तबकड्या बहुतेक सगळ्या वाचल्या, आजही वाजतात. कव्हरांचा मात्र लगदा झाला होता. संगीत परत मिळालं, पण त्यातल्या ज्या दुर्मीळ होत्या त्यांचा संग्राहक म्हणून काही भाव उरला नाही.

भावाचं आता बोलू. विक्रीला लावलेली किंमत बघू नका, ती आंब्याच्या मुहूर्ताच्या पेटीसारखी चढी असते. विकली गेलेली किंमत तुम्ही बघितलीत हे चांगलं केलंत. पण १३,००० ही मधली किंमत कोणत्या दर्जाच्या रेकॉर्डची? एकेक विक्री उघडून बघा. अशा आवृत्त्या फारशा न वाजवता ठेवलेल्या असतात, त्यामुळे त्यात निअर मिंटच जास्त निघतील असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर नियमाने व्हीजी प्लस साडेसहा हजारांची होते. पण मी तो नियम दुर्मीळ रेकॉर्डला जसाच्या तसा लावत नाही. शिवाय प्रत भारतात आहे, टपाल नाही, कस्टम नाही, हातात घेऊन बघता येते. याचे पैसे द्यायला हरकत नाही. वाजवून खरी व्हीजी प्लस ठरली आणि आतले कागद पूर्ण असले तर मी नऊ ते दहा हजार देईन. व्हिडिओवरून ती प्रत्यक्षात निअर मिंट वाटली तर १३,००० योग्य आणि १४,०००वर मी अडून बसणार नाही. एक-दोन कागद नसतील तर आठच्या वर जाणार नाही. हे माझे आकडे आहेत. तुमचं त्या अल्बमशी नातं वेगळं असेल तर थोडं वर जाल, आणि तेही ठीक.

किंमत वाढेल का? वाढेल या भरवशावर घेऊ नका. अल्बमला दहा-वीस वर्षं झाली की लेबल कितीदा तरी नवी आवृत्ती काढतं, आणि मग जुनीचा भाव उतरू शकतो. आणि उद्या विकायची झाली तर त्या बँडचं नाव ऐकलेला माणूस आपल्या किनाऱ्यावर किती ठिकाणी सापडेल?

पैसे देताना अनोळखी माणसाला यूपीआयने आधी पूर्ण रक्कम पाठवू नका. शक्य असेल तर पुण्याला फेरी मारा किंवा तिथल्या ओळखीच्या कोणाला तरी दाखवा आणि तिथेच पैसे द्या.

पण ती आणायची कशी, आणि आणल्यावर ठेवायची कुठे? आपल्या भागात खरी अडचण इथे आहे, आणि शहरातले संग्राहक हे सांगत नाहीत कारण त्यांना ती येत नाही. मे महिना आहे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तबकडी मऊ होऊन वाकायला दुपारचा एक तास पुरतो. खासगी बसच्या डिकीत ठेवायची नाही. एसटीत किंवा रेल्वेत माणसाच्या हाती, उभी, पायाशी किंवा मांडीवर आणायची. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याकडे देऊ नका. माणूस कितीही भरवशाचा असला तरी त्या गर्दीत ती कोणाच्या तरी बॅगेखाली जाणारच. कुरिअरनेच यायची असेल तर तबकडी कव्हराच्या बाहेर काढून, आतल्या पाकिटात घालून कव्हराच्या मागे ठेवायला सांगा. आत राहिली तर प्रत्येक आपटीत ती कव्हराची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा आणि सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी. पाऊस पंधरा दिवसांवर आला आहे. तोवर जमलं नाही तर ती ऑक्टोबरपर्यंत पुण्यातच राहू द्या. थोडी आगाऊ रक्कम लेखी पोच घेऊन द्यावी लागली तरी चालेल.

घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस ती इतर रेकॉर्डपासून लांब ठेवा. मी प्रत्येक नव्या रेकॉर्डला असं ठेवतो. ओल्या वह्यांसारखा वास, चरांवर दुधाळ ढग, कव्हरावर तपकिरी ठिपके, ही बुरशीची चिन्हं. तबकडीवरची बुरशी डिस्टिल्ड पाणी, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ मायक्रोफायबर घेऊन चरांच्या दिशेने पुसल्यावर निघते. कागदातली निघत नाही. आजोबांच्या ७८च्या जुन्या तबकड्या घरात असतील तर त्यांना अल्कोहोल चुकूनही लावू नका, त्या लाखेच्या असतात, विरघळतात.

ठेवताना बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला लागून ठेवू नका, पावसाळ्यात ती भिंत ओल देते. कौलांखालचा माळा तर नकोच, तिथे मेमध्ये भट्टी असते. घराच्या मधल्या खोलीत, जमिनीपासून फूट-दीड फूट वर, बंद कपाटात, उभी. आडव्या चळतीत खालची वाकते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. केशरी दाणे हिरवे झाले की मंद आचेवर कोरडे करून परत ठेवायचे. जुलैमध्ये मला आठवड्याला करावं लागतं. डांबरगोळ्या मी ठेवत नाही, त्यांचा वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही. आणि बाहेरचं पारदर्शक पाकीट मऊ, चिकटसर पीव्हीसीचं असेल तर आधी ते काढून टाका. काही वर्षांत ते तबकडीवर धुक्यासारखा थर धरतं, आणि तो थर वाजतो. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनचं वापरा.

शेवटी तुमचा प्लेअर. हे तुम्हाला आवडणार नाही, पण सांगायला हवं. सुटकेसच्या बहुतेक प्लेअरमध्ये सुईचा दाब पाच ग्रॅमच्या आसपास असतो आणि तो कमी करता येत नाही. चांगल्या प्लेअरवर दीड ते दोन ग्रॅम असतो. तुमची ही रेकॉर्ड तिथे वाजवलीत तर दर वेळी चर थोडे घासत जातील, आणि विकत घेतलेली व्हीजी प्लस हळूहळू व्हीजी होऊन बसेल. मी तुमच्या जागी असतो तर आधी सुईच्या दांड्यामागचं वजन फिरवता येणारा आणि सुई बदलता येणारा सेकंडहँड प्लेअर घेतला असता, त्यावर काळी प्रत ऐकत राहिलो असतो आणि रंगीत प्रत मिळेल तेव्हा मिळेल म्हणून थांबलो असतो. ५०० प्रती म्हणजे दर वर्षी काही ना काही बाजारात येतातच. पण ही हातची जाऊ द्यायची नसेल तर घ्या, आणि प्लेअर येईपर्यंत ती वाजवू नका.

विक्रेत्याकडून रनआउटचे फोटो आले की दोन्ही बाजूंचे मला पाठवा. त्याच अल्बमची दुसरी छपाई माझ्याकडे काळ्यात आहे. ती काढून शेजारी ठेवतो आणि अक्षरं जुळवून त्याच संध्याकाळी कळवतो.